आधी टेन्शन कमी करायचं की आधी खाणं सुरू करायचं?

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्स आणि सोबत नीटचा क्लास. उंची १६० सेंटिमीटर. पाच महिन्यांत वजन ५४ वरून ४५ किलोवर आलं. तीन महिने पाळी नाही. ताटावर बसली की पोटात गोळा येतो, मळमळतं, दोन घासांत पोट भरतं. डबा तसाच परत येतो. आठवड्यातून दोन-तीनदा मात्र रात्री उठून फ्रीजसमोर उभ्याउभ्या हाताला येईल ते खाते, मग रडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही घेत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली, पित्ताच्या गोळ्या घेऊन झाल्या, घरातली मोठी माणसं म्हणतात की परीक्षा झाली की आपोआप खायला लागेल. आणि तुमचा प्रश्न: आधी टेन्शन कमी करायचं की आधी खाणं सुरू करायचं, आणि दाखवायचं कोणाला?

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. टेन्शन कमी व्हायची वाट बघत खाणं लांबवू नका. दोन्हींवर काम बरोबरीनं करायचं, पण खाणं थांबवून ठेवायचं नाही. त्याच्याही आधी, याच आठवड्यात, शरीराची तपासणी. परीक्षा होईपर्यंत थांबू नका.

तपासणीची घाई का, ते सांगते. ५४ किलोतले ९ किलो म्हणजे वजनाचा सहावा हिस्सा गेला. तिचा बीएमआय साधारण १७.६ येतो आणि तो बघून "थोडी बारीक आहे, होईल" असं म्हणणारे डॉक्टरही भेटतात. पण वजन किती वेगानं उतरलं यालाही तेवढंच महत्त्व आहे, आणि तीन महिने पाळी नाही म्हणजे शरीरानं काटकसर सुरू केली आहे. फिजिशियनकडे किंवा बालरोगतज्ज्ञाकडे जा आणि या गोष्टी मागून घ्या: सीबीसी, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, थायरॉइड, बी-१२ आणि ईसीजी. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा नसतात, ते वेगळे लिहून घ्यावे लागतात. पाळी चुकली म्हणून प्रेग्नन्सी टेस्टही सांगतील. तो तपासणीचा नेहमीचा भाग आहे, त्यावरून घरात वादळ नको. थायरॉइड वाढलेलं असलं तरी वजन उतरतं आणि छाती धडधडते. टाइप १ मधुमेह, पोटाचा टीबी, गहू न सोसणारा सीलिॲक आजार यांतही वजन जातं. हे सगळं आधी बाजूला काढायलाच हवं. मात्र रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे काळजी संपली असं समजू नका. उपाशी शरीर रक्तातले आकडे बराच काळ सांभाळून धरतं.

घरीसुद्धा एक गोष्ट आजच करून बघा. तिला पाच मिनिटं आडवं पडू द्या, मनगटावर पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. मग उभं करून दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. दिवसा जागेपणी, पडून असताना ठोके ५० च्या खाली असतील, किंवा उभं राहिल्यावर ३० पेक्षा जास्त वाढत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये दाखवा. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, उलटीत रक्त, दिवसभर पाणीही न घेणं, किंवा "मी नसलेलीच बरी" अशा अर्थाचं बोलणं, यांतलं काहीही दिसलं तरी तेच. शेवटचं बोलणं "परीक्षेचं टेन्शन" म्हणून सोडू नका. खाण्याच्या विकारांत (ईटिंग डिसऑर्डर), आणि तुमच्या वर्णनावरून तीच शंका येते, जीव जाण्याच्या कारणांमध्ये आत्महत्या हे एक मोठं कारण आहे.

आता चिंता आणि खाणं एकमेकांत कसं अडकतं ते बघू, कारण ते समजलं की घरातले निम्मे वाद थांबतात. माणूस घाबरला की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं. रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं, जठराचं काम मंदावतं, तोंड कोरडं पडतं. घास घशाखाली उतरत नाही हे ती खरंच अनुभवते आहे, नाटक करत नाही. मग ती कमी खाते. कमी खाल्ल्यावर, काही आठवड्यांतच, जठर रिकामं व्हायला आणखी वेळ लागायला लागतो. सकाळची अर्धी पोळी दुपारीही पोटात असल्यासारखी वाटते, गॅस होतो, शौचाला खडा होतो. सोनोग्राफीत यातलं काही दिसत नाही, म्हणून पित्ताच्या गोळ्यांवर गोळ्या बदलत राहतात. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. बराच वेळ उपाशी राहिल्यावर साखर घसरू लागते, शरीर ती सावरायला पुन्हा ॲड्रेनलिन सोडतं, हात थरथरतात, छाती धडधडते, घाम येतो. तिला वाटतं ॲन्झायटी वाढली. वाढलेली असते भूक. पण आतून दोन्ही अगदी सारखं वाटतं, त्यामुळे ती आणखी घाबरते आणि आणखी खात नाही.

उपासमार स्वतःच मन बिघडवते हे फार पूर्वी दिसून आलेलं आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने निम्म्या खाण्यावर ठेवलं. युद्धानंतर उपाशी लोकांना परत कसं खाऊ घालावं हे त्यांना शोधायचं होतं. मनानंही निरोगी म्हणून निवडलेली ही मुलं वजनाचा सुमारे चौथा हिस्सा गेल्यावर चिडचिडी, उदास, घाबरी झाली. दिवसभर खाण्याचाच विचार, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटातलं अन्न तासभर चिवडत बसू लागले. पुन्हा पुरेसं खायला मिळाल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबा सुटला. म्हणून सांगते, तुमच्या मुलीचा चिडका स्वभाव, रेसिपीचे व्हिडिओ बघत बसणं, रात्रीचा फ्रीज, यातलं किती मूळ चिंतेचं आणि किती भुकेचं हे वजन परत येईपर्यंत नीट सांगता येत नाही. तोवर तिच्या स्वभावाबद्दल घरात कोणी निकाल देऊ नये.

रात्रीच्या खाण्याबद्दल वेगळं बोलायला हवं. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री ताबा घेतं, एवढाच त्याचा अर्थ. मनाचा निग्रह कमी पडला असं त्यात काही नाही. इथे सगळ्यात जास्त नुकसान दुसऱ्या दिवशीच्या सकाळी होतं. ती भरपाई म्हणून नाश्ता टाळते आणि चाक पुन्हा फिरतं. तेव्हा फ्रीजला कुलूप नको, डबे लपवणं नको, "काल रात्री खाल्लंस ना, मग आता का नाही" हे तर नकोच. रात्री काहीही झालेलं असो, सकाळचा नाश्ता ठरल्या वेळी, ठरला तेवढाच. त्यानंतर ती उलटी काढते का, हेही शांतपणे विचारा. जेवणानंतर लगेच बाथरूम, नळ सोडून ठेवणं, बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे, गाल सुजल्यासारखे दिसणं या खुणा असतात. उलटी होत असेल तर पोटॅशियमची तपासणी एकदाच करून भागत नाही, ती पुन्हापुन्हा करावी लागते. दात मात्र लगेच घासू देऊ नका. आम्लानं मऊ पडलेला थर ब्रशनं निघून जातो. नुसत्या पाण्यानं किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भरू दे.

मी अशा मुलींना "का खात नाहीस?" असं विचारत नाही. त्याला "भूक नाही" एवढंच उत्तर मिळतं. मी विचारते, "खाल्लंस तर काय होईल असं वाटतं?" या उत्तरावर पुढची दिशा ठरते. "जाड होईन" हे एक उत्तर. "उलटी होईल, वर्गात सगळ्यांसमोर होईल" किंवा "घशात अडकेल" हे अगदी वेगळं. त्याला एआरएफआयडी म्हणतात, त्यात वजनाची भीती नसते आणि उपचार त्या विशिष्ट भीतीवर करावे लागतात. "जेवल्यावर सुस्ती येते, अभ्यास होत नाही" हे नीट-जेईईच्या मुलांकडून हमखास येतं. आणि आपल्याकडे पुष्कळ मुली वजनाचं नावही काढत नाहीत, फक्त पोटाबद्दल बोलतात: पचत नाही, जड वाटतं, पित्त होतं. म्हणून "ती कुठे जाड व्हायला घाबरते, मग हा आजार कसा असेल" असं म्हणून निदान बाजूला टाकू नये. तुमच्या मुलीचं नेमकं कोणतं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते तिच्याशी एकटीशी बोलूनच कळेल.

आता खाणं. रिपोर्ट हातात आल्यावर, आणि घरी सुरू करायला हरकत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर. ही अट का? बरेच दिवस अगदी कमी खाल्लेल्या शरीराला एकदम पोटभर, विशेषतः गोड-पिठूळ दिलं, की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींमध्ये ओढलं जातं. हृदयाला आणि श्वासाच्या स्नायूंना ते कमी पडतं. धोका पहिल्या आठ-दहा दिवसांत जास्त. पाय सुजणं, धाप लागणं, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर ताबडतोब हॉस्पिटल. पाच-सात दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल तर सुरुवात हॉस्पिटलमध्येच व्हावी. ती रोज थोडंफार खाते आहे, म्हणून बहुधा घरी जमेल, पण डॉक्टर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देतील आणि रक्त पुन्हा तपासतील. याच्या उलट चूकही मी तेवढीच बघते: भीतीपोटी महिनाभर पेज आणि मुगाचं पाणी. त्यानं वजन आणखी उतरतं.

वेळापत्रक सहा वेळांचं ठेवा: तीन जेवणं, तीन मधली खाणी, दोन खाण्यांत साडेतीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक लागण्याची वाट बघायची नाही. तिचा भुकेचा काटा सध्या बिघडलेला आहे, घड्याळ बघून खायचं. आज ती जे खाते ते वहीत लिहा, त्यावर दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवा. तीनेक आठवड्यांत साधारण इथे पोचायचं: सकाळी दोन पोळ्या किंवा शेंगदाणे घातलेले वाटीभर पोहे आणि कपभर म्हशीचं दूध, साडेदहाला एक शेंगदाण्याचा लाडू, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर घट्ट वरण, अर्धी वाटी भात, वर चमचाभर तूप, साडेचारला थालीपीठ आणि दही, रात्री दुपारसारखंच, झोपताना दूध आणि दोन खजूर. पोट लवकर भरतं म्हणून आकार न वाढवता दाटपणा वाढवायचा. मोठा चमचाभर तूप म्हणजे १२०-१३० कॅलरी, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे साधारण १७०. वजन आठवड्याला अर्धा किलो वाढायला हवं, आणि त्यासाठी शरीराच्या रोजच्या गरजेवर दिवसाला ५०० ते १००० कॅलरी जास्त लागतात. हे आकडे तुमच्यासाठी आहेत. तिच्यासमोर कॅलरी हा शब्दही काढू नका. जेवणाआधी पाणी, ताक, काढा, चहा-कॉफी भरपूर देऊ नका, त्यानंच पोट भरतं. फुगल्यासारखं वाटणं नियमित खाण्यानं काही आठवड्यांत कमी होतं, हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते झालं की ती घाबरणार नाही.

ताटावर काय घडतं ते जवळून बघा. ताट तुम्ही वाढायचं, तिनं नाही. शेजारी एक मोठं माणूस बसायचं, आई किंवा बाबा किंवा आजी, आणि स्वतःही जेवायचं. वेळ अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं. ती पोळीचे नखाएवढे तुकडे करायला लागेल, भाजी बाजूला सारेल, डोळे भरून येतील. तेव्हा समजावू नका, आमिष दाखवू नका, "आफ्रिकेतली मुलं बघ" नको, "आईसाठी एक घास" नको. एकच छोटं वाक्य, त्याच आवाजात, पुन्हापुन्हा: "कठीण जातंय मला दिसतंय. मी इथेच आहे. पुढचा घास घे." जेवणाआधी चिंता ० ते १० मध्ये किती ते तिला सांगू दे. ताट संपल्यावर पुन्हा, आणि आणखी अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा. आधी ८ असलेली चिंता जेवताना ९ वर जाते आणि नंतर हळूहळू आपोआप उतरते. हा उतार तिनं स्वतः पुन्हापुन्हा अनुभवणं हाच चिंतेवरचा खरा इलाज आहे. ताट सरकवून ठेवलं की चिंता लगेच कमी होते आणि मेंदू शिकतो की न खाल्ल्यानं सुटका होते. म्हणूनच "टेन्शन कमी झालं की खाईल" हा क्रम लागू पडत नाही. जेवणानंतरचा तो पाऊण तास तिच्यासोबत घालवा. पत्ते, कपड्यांच्या घड्या, मालिका, काहीही. दीर्घ श्वसन चांगलंच, पण जेवणाआधी वीस मिनिटं श्वसन, मग थोडा वेळ झोपून, मग बघू, असं व्हायला लागलं तर तेही जेवण टाळणंच झालं.

घरात काही गोष्टी बंद कराव्या लागतील. वजनकाटा कपाटात. वजन आठवड्यातून एकदा डॉक्टरांकडे, पाठमोरं उभं करून, आकडा न दाखवता. निदान सुरुवातीला तरी. जिम, जिने, रात्रीच्या फेऱ्या सध्या नाहीत. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांतले सगळे उपवास थांबवायचे आणि हे आजीलाही आधीच सांगून ठेवायचं. उपवास श्रद्धेनं केला तरी शरीराला तो उपासच असतो, आणि या आजाराला आडोसा म्हणून उपवासासारखं दुसरं काही मिळत नाही. पाहुण्यांचं "किती छान बारीक झालीस गं" आणि थोडं सुधारल्यावरचं "आता जरा अंग धरलंय" ही दोन्ही वाक्यं सारखीच इजा करतात. नातेवाइकांना फोनवरच सांगून ठेवा की तब्येतीवर काही बोलू नका.

दाखवायचं कोणाला? एका माणसावर हे काम निभत नाही. शरीरावर लक्ष ठेवणारा डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, आणि थेरपी करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी असते, ती बघा. फोनवर विचारायचे प्रश्न: खाण्याच्या विकाराच्या किशोरवयीन मुलींसोबत काम केलं आहे का? आई-वडिलांना उपचारात कसं घेता? वजन आणि ईसीजीवर कोण लक्ष ठेवणार? "आधी चिंतेचं बघू, खाणं नंतर" किंवा "आई-वडिलांनी जेवणात पडू नये" असं ठाम उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. या वयात सगळ्यात भक्कम पुरावा असलेली पद्धत म्हणजे फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट. तिच्यात पहिल्या टप्प्यात जेवणाची सूत्रं पालकांच्याच हातात असतात, दुसऱ्यात ती हळूहळू मुलीकडे जातात, आणि वय-स्वातंत्र्य यांचे विषय शेवटी. रात्रीचं अनावर खाणं पुढेही राहिलं तर सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी, साधारण २० सत्रं. डाएटिशियन हवीच, पण वजन कमी करायचे चार्ट देणारी नको.

गोळ्यांबद्दल. वजन फार उतरलेलं असताना चिंतेच्या नेहमीच्या गोळ्या नीट लागू पडत नाहीत, हेही खाणं लांबवू नये याचं एक कारण. अनावर खाणं आणि उलट्या असतील तर फ्लुओक्सेटिन या नैराश्य-चिंतेवरच्या गोळीचा उपयोग होतो. मोठ्यांमध्ये डोस ६० मिलिग्रॅमपर्यंत जातो, मुलीसाठी तो डॉक्टर ठरवतील. या वयात अशा गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढतात का, यावर नजर ठेवा. ब्युप्रोपिऑन ही नैराश्यावरची गोळी मात्र अशा रुग्णांना देत नाहीत, त्यानं फिट येण्याचा धोका असतो. जेवणाआधी रोज अल्प्राझोलम, म्हणजे चिंता लगेच शमवणारी गोळी, हा मार्ग मला मान्य नाही. सवय लागते, आणि चिंता आपली आपण उतरते हे मुलगी कधीच शिकत नाही. भुकेचं सिरप मेडिकलमधून परस्पर आणू नका.

शहरात नसाल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार ओपीडी असते. मुंबईत केईएम, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जवळचं ठिकाण ते सांगू शकतात. थेरपी ऑनलाइन झाली तरी चालते, वजन, नाडी, बीपी मात्र प्रत्यक्ष गावातल्या डॉक्टरकडे दर आठवड्याला. भरती करावं लागलं आणि मेडिक्लेम असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. कंपनीनं नकार दिला तर तो लेखी मागा.

परीक्षेचं काय करायचं हे तिच्या तब्येतीवर अवलंबून आहे. नाडी, रिपोर्ट ठीक आणि ती ठरलेलं खाते आहे, तर क्लास चालू ठेवता येईल, पण डबा बघायला घरचं कोणी किंवा शिक्षिका हवी. तसं जमत नसेल तर क्लास काही आठवडे बंद. नीटला वयाची वरची मर्यादा नाही, पुढच्या वर्षी पुन्हा देता येते. हा निर्णय शिक्षा म्हणून सांगू नका. "पाय मोडला असता तरी हेच केलं असतं" असं सांगा.

पहिल्या भेटीला एका कागदावर लिहून न्या: महिन्यागणिक वजन, शेवटच्या पाळीची तारीख, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आणि गेल्या तीन दिवसांत तिनं काय, किती वाजता खाल्लं. डॉक्टरांना सांगा की दहा मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला. ओपीडीत दोन-तीन तास सहज जातात, म्हणून पिशवीत लाडू आणि दुधाची बाटली ठेवा. साडेचार वाजले की बाकावर बसूनच तिचं ते खाणं होऊ द्या.